खाऱ्या पाण्यातलं कलम

आमच्या तीर्थपुरीत भुजंगअप्पा घरी येणार म्हटलं की लोक आधी अंगणातल्या कुंड्या आत नेऊन ठेवतात. अप्पांना आजारी झाड दिसलं की त्यांचा हात बंडीच्या खिशात जातो, खिशातून चाकू निघतो आणि घरातून चहा बाहेर येईपर्यंत जास्वंदीची निम्मी साल तासून झालेली असते. वर ऐकवतात, "आता बघ, पंधरा दिवसांत फुटती." आणि खरंच फुटते, हीच अडचण आहे. फुटली नसती तर माणसाला चार शब्द सुनावता तरी आले असते.

अप्पांचं काम मोसंबीचे डोळे बांधण्याचं. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीला उभा-आडवा काप घ्यायचा, त्यात चांगल्या मोसंबीचा डोळा बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. आमच्या भागातल्या निम्म्या बागा या माणसाच्या गाठीवर उभ्या आहेत. बागेला डिंक्या लागला, म्हणजे बुंध्यातून डिंक गळून साल सडायला लागली, की पहिला फोन अप्पांना जातो. अप्पा येतात, सडलेली साल खरवडतात, मोरचूद आणि चुन्याची निळी पेस्ट लावतात आणि बागेच्या मालकाला झापतात. झापण्याचं वेगळं काही घेत नाहीत.

"माझ्या हातचं कलम मेलं न्हाई," हे वाक्य ते दिवसातून तीनदा म्हणतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत, पुरस्कार-बिरस्कार काही नाही. हे एक वाक्य हीच त्यांची इस्टेट. आणि ते वाक्य दोन वर्षांपूर्वी खोटं झालंय, हे गावात फक्त मला माहीत होतं.

मी अंगद. गावात माझा जारच्या पाण्याचा प्लांट आहे. दोन वर्षांपूर्वी अप्पा माझ्या मळ्यात रोपं बांधायला आले होते. मी चहा घेऊन गेलो तर त्यांचा उजवा हात थरथरत होता. चाकू सालीवर टेकवायचा म्हटलं की हात आणखी हलायचा. सहा रोपांच्या साली फाटल्या. अप्पांनी ती सहाही रोपं उपटून विहिरीमागं फेकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "किडकी होती." मी म्हणालो, "हो, मला दिसूनच राह्यलं होतं." त्या दिवसापासून अप्पांनी डोळा बांधलेला नाही; साल खरवडायला हात हलला तरी चालतं, डोळ्याला चालत नाही. कुणी बोलवायला आलं की कधी गुडघे दुखतात, कधी चष्म्याचा नंबर वाढतो, कधी आजकालच्या रोपांतच दम नसतो. मी तसा तोंडाळ माणूस आहे, पण ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नाही. मला फार वाईट वाटलं होतं.

आता महेमूद. महेमूदचं घर माझ्या प्लांटसमोर. सोळा वर्षं तो आखातात एका मोठ्या हॉटेलात होता. तिथं दर्शनी भागात भिंतीएवढी काचेची पेटी होती, समुद्राचं पाणी भरलेली, आणि तिच्यातले मासे-प्रवाळ सांभाळणं हे याचं काम. तिकडून येताना लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात. महेमूद नाद घेऊन आला. बैठकीत त्यानं पाच फुटांची काचेची टाकी मांडली, कुरियरनं मिठाच्या गोण्या मागवल्या आणि समुद्रापासून इतक्या लांब, जिथं नदीला पाणी असलं तरी पोरं बघायला जातात, तिथं त्यानं समुद्र केला.

माझा त्या समुद्राशी संबंध पाण्यापुरता. माझी बाकीची गिऱ्हाइकं पाण्याला गोडी पाहिजे म्हणतात. महेमूदला पाण्यात काहीच नको असतं. स्वतःचा मीटर घेऊन येतो, जारमध्ये बुडवतो आणि आकडा शून्याच्या वर दिसला की माझ्याकडे असं बघतो, जसं मी दुधात पाणी घातलंय. मी पाण्यात पाणीच घालतो, हे त्याला पटत नाही.

मदिनाभाभींचं, म्हणजे महेमूदच्या बायकोचं, या समुद्राशी उघड वैर होतं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर टाकीचे पंप आणि पाणी गार ठेवायचं मशीन चालायचं, आणि घरातली माणसं पुठ्ठ्यानं वारा घालत बसायची. "माणसाला पंखा न्हाई अन् दगडांला एसी," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. एप्रिल-मेमध्ये तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही थांबवून सांगायच्या.

त्या टाकीत महेमूदचा जीव होता तो एका मऊ प्रवाळात. ताटलीएवढा पसरट टोप, खाली जाड देठ, आणि टोपावर बारीक बारीक फुलं, जी पाण्याबरोबर डोलतात. महेमूद त्याला छत्री म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी हैदराबादहून आणली तेव्हा ती रुपयाएवढी होती. थर्माकोलच्या डब्यात घालून, ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर घेऊन आणली. मदिनाभाभी म्हणतात की, स्वतःच्या लेकराला मांडीवर घेऊन हा माणूस शेजारच्या घनसावंगीच्या पुढं कधी गेला नाही.

या वर्षी उन्हाळ्यात छत्री मिटली. महेमूद दोन दिवस शांत होता. ही जात मधूनमधून कात टाकते, तेव्हा अशीच मिटून बसते, असं त्यानं मला समजावलं. पण पाचव्या दिवशी देठाला बुडाशी तपकिरी डाग दिसला, सातव्या दिवशी तो डाग मऊ पडला आणि पाण्याला वास यायला लागला. महेमूदनं जेवण सोडलं. मी दोन जार ठेवायला गेलो तर हा टाकीसमोर स्टुलावर बसलेला, दाढी वाढलेली. नेमके भुजंगअप्पा माझ्याबरोबर होते. माझ्याकडे सहज आले होते, रिकामा जार उचलायला लागले आणि आत आले.

अप्पा टाकीजवळ गेले, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "डिंक्या हाय."

"अप्पा, हे झाड न्हाई," महेमूद म्हणाला. "जनावर हाय."

"पाय हायेत?"

"न्हाई."

"तोंड?"

"हायेत. दोनशे-तीनशे असतील."

"तीनशे तोंडं असून एकबी बोंबलून न्हाई राह्यलं? झाडच हाय." आणि महेमूद "अप्पा, थांबा" म्हणेपर्यंत अप्पांनी कोपरापर्यंत हात टाकीत घालून छत्रीचा देठ दाबून बघितला. "बुडातून सडून राह्यलं. साल खरवडाया लागती."

अप्पा त्या दिवशी सकाळीच एका बागेत मोरचुदाची पेस्ट कालवून आले होते. डोळे बांधत नव्हते, पण पेस्ट मात्र दुसऱ्या कुणाला कालवू देत नाहीत. नखं निळी, बोटांच्या चिरा निळ्या. मोरचूद म्हणजे तांबं, आणि झाडाला जे तांबं वाचवतं तेच या समुद्रातल्या जिवांना विष. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की महेमूदनं अप्पांचं मनगट धरून बाहेर ओढलं आणि आमच्या गावात अप्पांना आजवर कुणी बोललं नव्हतं ते बोलला.

"जहर हाय तुमच्या हातात! पूरी टाकी मारता का?"

अप्पांनी हात टॉवेलला पुसला आणि निघून गेले. महेमूदनं माझ्याकडचे होते नव्हते तेवढे जार उचलून नेले. दुपारभर मीठ कालवून तो टाकीचं पाणी बदलत होता आणि मदिनाभाभी बादल्या ओतत होत्या. वैर होतं तरी ओतत होत्या. टाकीतली सगळी प्रवाळं मिटून गेली होती, एक झिंगा काचेवर डोकं आपटत होता. संध्याकाळी हळूहळू एकेक उघडलं. छत्री तेवढी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांकडे गेलो. दैवशालाकाकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, त्यांना अंगणात पाटावर बसवलं होतं आणि चिंच-मिठानं त्यांचे हात घासायला घेतले होते, देवाचा तांब्या घासतात तसे.

"मी सकाळपासून तिसऱ्यांदा घासून राह्यले," काकू म्हणाल्या. "कातडं निघायला आलं, तरी म्हनतेत अजून निळं हाय."

"चाळीस वर्षांचं मुरलंय," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मेलं का रे काही?"

"न्हाई मेलं."

"बरं झालं," म्हणाले आणि दुसरा हात पुढं केला. मी चिंचेची वाटी काकूंच्या जवळ सरकवली.

तिसऱ्या दिवशी महेमूद मला घेऊन अप्पांच्या दारात. फोनवर त्यानं चार देशांतल्या माणसांना विचारलं होतं आणि चौघांनी एकच सांगितलं होतं. सड वर चढतेय, चांगला भाग धारदार पात्यानं कापून वेगळा करा, आयोडीनच्या पाण्यात बुडवा, दगडावर बांधा, लागलं तर लागलं. आज नाही कापलं तर उद्या कापायला काही उरणार नाही. आणि महेमूद काही कापू शकत नाही. बकरी ईदला नमाज झाली की हा माणूस वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. बाकीचं सगळं त्याचा भाऊ बघतो.

"अप्पा, चुकलो," महेमूद म्हणाला. "गुस्सा सोडा. जल्दी चला. छत्रीचं कलम करायचं हाय."

"माझ्या हातात जहर हाय," अप्पा म्हणाले. "तूच म्हन्ला न्हाई का?"

"म्हन्लो, माफी मागतो."

"माफ केलं. पर मी न्हाई येत."

महेमूदला वाटलं म्हातारा रुसलाय. मला ठाऊक होतं काय झालंय. अप्पांचा उजवा हात टॉवेलखाली होता आणि टॉवेल हलत होता. मला वाटलं, आपण मदत करावी. म्हणून मी मध्येच म्हणालो, "महेमूदभाई, राहू द्या. अप्पांचे गुडघे दुखून राह्यले."

अप्पा माझ्यावरच डाफरले. "मी काय गुडघ्यानं कलम करतो का?"

असा हा माणूस. यांची लाज राखायला जावं तर शिव्या आपल्यालाच.

महेमूद बिचारा रडकुंडीला आला. "मंग शाहरुखला बोलावतो," म्हणाला. शाहरुख म्हणजे आमच्या चौकातला चिकनवाला. "त्याचा हात साफ हाय. एका झटक्यात करतो."

अप्पा उठून उभे राहिले. "कोंबड्या सोलनारा कलम करनार? तीर्थपुरीत? मी जिता असताना?" आणि पायात चपला सरकवल्या. दारातून परत फिरले, खिशातला चाकू काढून काकूंच्या हातात दिला. "ह्याला मोरचूद पाजलंय. ह्यो तिथं चालायचा न्हाई. मेडिकलातून नवं पातं घ्या." त्या चाकूशिवाय अप्पांना रस्त्यानं चालताना मी पहिल्यांदा बघितलं.

महेमूदच्या बैठकीत भाभींनी नवा टब मांडला होता, टाकीतल्याच पाण्यानं भरलेला. महेमूदनं छत्री दगडासकट उचलून टबात ठेवली, दुसऱ्या पातेल्यात आयोडीनचं पाणी तयार केलं, मच्छरदाणीचा एक तुकडा आणि तीन छोटे दगड मांडले आणि "मी आलोच" म्हणून स्वयंपाकघरात गेला. आतून दाराला कडी घातल्याचा आवाज आला.

अप्पा टबासमोर पाटावर बसले. बाह्या वर केल्या. पातं हातात घेतलं आणि हात पुढं केला. हात थरथरायला लागला. पातं टबाच्या काठाला लागून टकटक वाजायला लागलं. अप्पांनी हात मागं घेतला, परत पुढं केला. परत टकटक. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. आत्ता हा माणूस उठणार, आणि आज रात्रीपर्यंत गावाला कळणार की भुजंगअप्पांचा हात गेला, हे मला कॅलेंडरवर लिहिल्यासारखं दिसत होतं. गुडघ्याचं खोटं मी आणखी जोरात बोलायला पाहिजे होतं.

मदिनाभाभींनी बघितलं होतं. त्या उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि पंख्याचं बटण बंद केलं. "पंख्याचं वारं लागून राह्यलं अप्पांला," त्या म्हणाल्या. "हात हलून राह्यला." ज्या घरात त्यांनी एका पंख्यासाठी सहा वर्षं भांडण केलं, त्या घरात नेमका त्या दिवशी पंखा चालू होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला.

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग सरळ कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

आणि हात थांबला.

खोटं सांगत नाही, मी वाकून बघितलं. पाण्यात तो हात जसा काही कुणी खालून धरून ठेवला होता. बोटांत जराशी हालचाल होती, पण पहिल्यासारखी उडत नव्हती. अप्पासुद्धा बघत राहिले. "दाबून धरतंय पानी," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी देठाला पातं लावलं आणि सडीच्या बोटभर वर एकच काप घेतला.

पुढं मला आमचे जुने अप्पा दिसले. काप उलटा करून बघितला, मध्ये जरा तपकिरी दिसलं, म्हणून आणखी एक चकती उतरवली. "आता पांढरं हाय. साफ हाय." टोपाचे तीन भाग केले. पाणी बुळबुळीत झालं, वास सुटला, भाभींनी नाकाला पदर लावला. अप्पांचं लक्षच नव्हतं. तुकडे आयोडीनमध्ये बुडवून घेतले. महेमूदनं आतून ओरडून सांगितलं, रबरानं बांधा. अप्पा तिथूनच ओरडले, "रबर रुततं! सालीचा गळा आवळतो का?" मच्छरदाणीचा तुकडा फाडला, प्रत्येक दगडावर कलम टेकवलं आणि वरून जाळी सैल बांधली, मोसंबीला मारतात तीच गाठ. सगळं पाण्याखाली.

"झालं का?" आतून आवाज.

"झालं, ये बाहेर," अप्पा म्हणाले. "मर्दा, जनावर हाय म्हन्लास, एकदाबी ओरडलं न्हाई."

महेमूद आला, तिन्ही तुकडे बघितले आणि त्याचे डोळे भरून आले. ते टाकीत ठेवून झाले, आयोडीनचं पातेलं उचललं, पाटाखालचं पाणी पुसून झालं. अप्पांचा हात अजून टबातच होता.

"अप्पा, झालं. हात काढा," महेमूद म्हणाला.

"आनिक काही कापायचं हाय का?"

"न्हाई."

"बघ नीट. एखादं किडकं असंल कोपऱ्यात."

"बिलकुल न्हाई, अप्पा."

"मंग पाच मिनटं ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले.

तिनातली दोन कलमं लागली. दहाव्या दिवशी दगडाला घट्ट धरली आणि पंधराव्या दिवशी एकावर फुलं उघडली. महेमूदनं पेढे वाटले. कशाचे पेढे ते सांगताना मदिनाभाभींची पंचाईत झाली. तिसरं मात्र चौथ्याच दिवशी विरघळून गेलं. ते महेमूदनं अप्पांपासून लपवलं. अप्पा बघायला आले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी टाकीत दोन दगड मोजले आणि विचारलं, "तिसरं कुठंय?"

"ते... हैदराबादला दोस्ताला दिलं," महेमूद म्हणाला.

"फुटायच्या आधीच?"

महेमूद माझ्याकडे बघायला लागला. मी पुन्हा कॅलेंडर धरलं.

"गेलं तर गेलं म्हन," अप्पा म्हणाले. "सहा गेली होती माझ्या हातची, ह्या अंगदच्या मळ्यात. किडकी-बिडकी काही न्हवती. चांगली रोपं होती. हात हलून राह्यला होता माझा. अंगदला ठावं हाय. दोन वर्षं झाली, कुनापाशी बोलला न्हाई बिचारा."

मी मान वर केली तर अप्पा माझ्याकडे बघून हसत होते.

महेमूद काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात भाभी आतून टब घेऊन आल्या. त्या सकाळी पाणी बदलताना टाकीतून काढलेलं खारं पाणी त्यांनी फेकलं नव्हतं. टब पाटासमोर ठेवला.

"अप्पा, हात धुवून आले न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"चिंचेनं घासून आलो," अप्पा म्हणाले. पाटावर बसले, बाही वर केली, थरथरता हात पाण्यात सोडला. मग दुसऱ्या हातानं चहाचा कप उचलला आणि महेमूदला त्याच्या टाकीत काय काय चुकतंय ते सांगायला लागले.